निळ्या ट्युलिपच्या बियांची थाप

बागकामाच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय: निळ्या ट्युलिपच्या बिया कुंडीत टाका, दोन महिन्यांत फुलं, पुढे दर वर्षी आपोआप. खाली खरेदीची लिंक. यातला एकही दावा टिकत नाही.

आधी बिया. ट्युलिपची बी चपटी, तपकिरी, कागदासारखी पातळ असते. पाकिटात गोल टणक दाणे निघाले तर ते दुसऱ्याच कशाचे तरी. खरी बी मिळाली तरी पहिल्या वर्षी उगवतं ते गवताच्या पात्यासारखं एकच पान. फूल यायला साधारण पाच ते सात वर्षं. शिवाय बागेतले बहुतेक वाण संकरित, बियांतून तेच फूल येईल याचा भरवसा नाही. म्हणून सगळे कंदच लावतात.

निळा रंग? अस्सल निळा ट्युलिप अजून कुणाला साधलेला नाही. ‘निळे’ म्हणून विकतात ते जांभळे. काही फुलांत आत बुडाशी निळसर डाग असतो, तेवढंच. मोरपंखी फोटो ही संगणकाची करामत.

दोन महिन्यांचं गणित तर मुळातच चुकलंय. ही मध्य आशियातल्या थ्येनशान, पामीरच्या डोंगरांतली वनस्पती. हॉलंड तिचं सासर. उन्हाळा जमिनीखाली काढायचा, हिवाळ्यात थंडी खायची, बर्फ वितळला की फुलायचं, असा तिचा शिरस्ता. लावणीआधी एखादा कंद उभा चिरून पाहा: मधोमध इवलंसं फूल, सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, सगळं तयार! पण 9 अंशांखाली 12 ते 16 आठवडे काढल्याशिवाय त्याचा दांडा नीट लांबत नाही. कळी पानांतच अडकते. ही थंडी फ्रिजमध्ये देता येते. फक्त शेजारी सफरचंद-केळी नकोत, पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने आतली कळी मरते.

‘दर वर्षी आपोआप’ हे सगळ्यांत फसवं. लावलेला कंद फुलून संपतो आणि त्याच्या जागी छोटे कंद, म्हणजे पिल्लं, धरतात. फुलं गेल्यावर पानं हिरवी राहिली, तरच ही पिल्लं पोसली जातात. म्हणून पानं पिवळी पडेपर्यंत कापायची नसतात. पुण्या-नागपुरात फेब्रुवारी-मार्चचं ऊनच ती वाळवून टाकतं आणि पिल्लं बारीक राहतात. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी 2007 पासून ट्युलिपची बाग फुलते, पण तिथला हिवाळा आपण कुठून आणणार?

हौस असेल तर एका हंगामापुरते कंद जरूर लावा. घेताना एवढं विचारा: थंडी दिलेले आहेत, की ती घरी द्यायची आहे?