बाल्कनीतले आकडे

हिवाळा लागला की पुण्यातल्या मित्रांच्या ग्रुपवर हवेच्या प्रदूषणाचे स्क्रीनशॉट पडू लागतात. एकाने बाल्कनीतल्या यंत्राचा आकडा टाकला की दुसरा विचारतो, या खेळण्यावर कसला विश्वास ठेवतोस? तिसऱ्याच्या मते सरकारी आकडाच मॅनेज केलेला. तासाभरात गाडी मेट्रोच्या खोदकामावरून नदीकाठच्या झाडांवर, तिथून राजकीय पक्षांवर. हवा राहते बाजूला.

मी राहतो त्या जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये हा वाद होऊन गेलाय. शहर मर्सिडीज, पोर्श आणि बॉशचं. चाकण करून इथे आलेली मराठी माणसं शोधावी लागत नाहीत. भोवताली टेकड्या, वारा पडला की धूळ जागची हलत नाही. इथला नेकारटोर चौक तर त्यापायी जर्मनीभर बदनाम. २०१५ मध्ये इथल्या काही हौशी प्रोग्रॅमर मंडळींनी घरोघरी धूळ मोजायचा उद्योग काढला. प्लास्टिकच्या ड्रेनेज पाइपचे दोन एल्बो एकमेकांत बसवायचे, आत लेझरवर चालणारा स्वस्त चिनी सेन्सर, एक वायफायची चिप, आणि ते धूड बाल्कनीच्या कठड्याला बांधायचं. दर अडीच मिनिटांनी आकडा नकाशावर. आता हा नकाशा 'सेन्सर कम्युनिटी' नावाने जगभर पसरलाय.

या सेन्सरची खोड अशी, की हवा दमट झाली की कणांवर पाणी चढतं, ते फुगतात आणि आकडा भलताच वर जातो. धुक्याच्या सकाळी रस्ता रिकामा आणि नकाशा लाल. राज्याच्या पर्यावरण खात्याने २०१७ मध्ये हाच सेन्सर आपल्या प्रमाणित यंत्राशी ताडून पाहिला आणि तो कुठे चुकतो ते जाहीर केलं. बाल्कनीवाल्यांना हाकललं नाही, डोक्यावरही घेतलं नाही. मला हेवा वाटतो तो याचा.

बाकी इकडे सगळं आलबेल आहे असं नाही. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री फटाक्यांनी नकाशा जांभळा होतो आणि 'वर्षातून एकदाच तर!' हे वाक्य जर्मनमध्येही तितक्याच तावातावाने ऐकू येतं. २०१९ पासून जुन्या डिझेल गाड्यांना शहरबंदी झाली, तीही या नळकांड्यांमुळे नाही. एका पर्यावरण संस्थेने दावा लावला, २०१८ मध्ये लाइपझिगच्या केंद्रीय प्रशासकीय न्यायालयाने अशी बंदी घालता येते म्हणून सांगितलं. मुद्दा धुळीचा नव्हे, नायट्रोजन डायऑक्साइड या वायूचा होता, आणि तो या सेन्सरला मोजताच येत नाही. (माझा पगार मोटारींवरच निघतो, तेव्हा ही बातमी ऑफिसात कशी वाचली गेली ते विचारू नका.)

म्हणजे नुसत्या आकड्याने काही हलत नाही. त्याला मर्यादा आणि कोर्ट लागतं. आपल्याकडे दोन्ही आहेत. २००९ च्या राष्ट्रीय मानकात पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक धुळीची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. मुंबईच्या हवेची दखल उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्वतःहून घेतली होती. पाषाणला हवामानशास्त्र संस्था आहे, तिची हवेची प्रत मोजणारी 'सफर' यंत्रणा आहे. मग प्रदूषण मंडळाच्या केंद्राशेजारी दहा-वीस घरगुती यंत्रं पावसाळा ते होळी टांगून ठेवायला आणि फरक छापायला काय हरकत आहे? पुण्याच्या पावसाळ्यात ती किती बहकतात, हे स्टुटगार्टच्या अहवालातून कळणार नाही.

फक्त एक करावं. इथल्या नकाशावर ठिपके दाट दिसतात ते ज्यांना बाल्कनी, वायफाय आणि फुरसत आहे त्यांच्या वस्तीत. पुण्यात तसंच केलं तर कोथरूड-औंधचं सगळं कळेल आणि स्वारगेटला दिवसभर उभ्या असलेल्या ट्रॅफिक हवालदाराच्या नाकात काय जातं ते कळणार नाही. पहिली यंत्रं महापालिकेच्या शाळांना आणि पीएमपीच्या डेपोंना द्या. पैशाचं म्हणाल, तर महापालिका अर्थसंकल्पासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेते. बाकडी आणि पेव्हर ब्लॉक सुचवतो, त्याच फॉर्मवर हेही लिहिता येईल.