ग्लुकागॉनवरचा तो मेसेज पुढे पाठवू नका

दापोली-गुहागरकडच्या ग्रुपांवर सध्या हे फिरतंय: ‘शुगर उतरून माणूस बेशुद्ध पडला तर तोंडात गूळ कोंबा. ग्लुकागॉनचं इंजेक्शन टोचू नका, शुगर चढते ती उतरतच नाही, हार्ट बंद पडतं.’

गुळाचं आधी, कारण जीव त्यात जाऊ शकतो. माणूस शुद्धीत असेल, नीट गिळत असेल, तर तीन-चार लहान चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी शुगर पुन्हा तपासा. गूळही चालेल. बेशुद्ध माणसाला मात्र गिळता येत नाही. घातलेलं श्वासनलिकेत उतरतं. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन लावा आणि तोंडात काही म्हणजे काही घालू नका.

‘शुगर उतरतच नाही’ हे साफ खोटं. ग्लुकागॉन आपल्याच स्वादुपिंडात तयार होतं. यकृतात साठलेली साखर ते रक्तात सोडायला लावतं. मोठ्या माणसाला १ मिलिग्रॅम, स्नायूत किंवा कातडीखाली. बहुतेकांना दहा-पंधरा मिनिटांत शुद्ध येते. असर तास-दीड तासात ओसरतो, म्हणजे भीती असलीच तर शुगर पुन्हा उतरण्याची. शुद्ध आली की आधी साखरपाणी, मग पेज किंवा भात द्यायलाच हवा.

हार्टचं म्हणाल, तर नाडी आणि बीपी थोडा वेळ वाढू शकतात. पण बीटा-ब्लॉकरच्या (बीपी-हृदयविकारावरच्या) गोळ्या जास्त जाऊन हृदय मंदावलं, तर डॉक्टर हेच औषध शिरेतून देतात. मळमळ, उलटी होते. कुशीवर वळवायचं ते त्यासाठीही. फिओक्रोमोसायटोमा (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतली गाठ) किंवा इन्सुलिनोमा (स्वादुपिंडातली, इन्सुलिन सोडणारी गाठ) असलेल्यांनी मात्र ते घेऊ नये.

खरी उणीव मेसेजमध्ये आलेलीच नाही. यकृतात साठाच नसेल तर हे औषध सोडणार काय? हरतालिकेचा निर्जळी उपास, बरेच दिवस जेवण न गेलेला आजारी, उपाशीपोटी दारू प्यायलेला माणूस: इथे ते कमी पडतं, शिरेतून ग्लुकोजच लागतं. म्हणून इंजेक्शन दिलं तरी १०८ हवीच.

खाडीपलीकडच्या वाडीत गाडी पोचायला वेळ लागतो. घरात कुणी इन्सुलिनवर असेल तर डॉक्टरांना या औषधाबद्दल आजच विचारा; गावच्या मेडिकलमध्ये ते सहसा नसतं, आधी सांगून मागवावं लागतं. नेहमीच्या किटमध्ये पावडर आयत्या वेळी द्रवात मिसळायची असते. ते नर्सकडून हाताने करून शिकून घ्या, आणि मुंबईच्या मुलाने नव्हे, रोज घरात असणाऱ्या दोघांनी.