पोटमाळ्यावरची लॉटरी: बेसबॉलच्या जुन्या कार्डांबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. मला तो पाच वेळा आला. शेवटचा सांगलीहून दादाने पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘तू तिकडेच आहेस, बघ काही जमतं का.’

मेसेजचा सारांश असा. १९५२ सालचं बेसबॉलपटूचं एक पुठ्ठ्याचं कार्ड अमेरिकेत १ कोटी २६ लाख डॉलरला, म्हणजे शंभर कोटी रुपयांना विकलं गेलं. म्हणून जुनी कार्डं, जर्सी, चेंडू ही सोन्याहून चांगली गुंतवणूक. जितकं जुनं तितकं महाग. ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे कार्ड तपासून दहापैकी गुण देणाऱ्या कंपनीच्या, डबीत बंद असेल तर फसवणूक शक्यच नाही. लिलाव उघड असतो, म्हणून तिथला भाव खरा. विक्रमाच्या वस्तूचा भाव कधी उतरत नाही. तेव्हा अमेरिकेतल्या नातेवाइकांना पोटमाळा तपासायला लावा, आणि तुम्हीही घरबसल्या बोली लावा.

मी न्यू जर्सीत राहतो आणि गेली बारा वर्षं हा छंद करतो. कोट्यधीश झालेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिल्यांदा त्या शंभर कोटींकडे वळू, कारण ती बातमी खरी आहे. ऑगस्ट २०२२, हेरिटेज ऑक्शन्स, टॉप्स कंपनीचं मिकी मँटलचं ३११ क्रमांकाचं कार्ड. विकणाऱ्याने ते १९९१ मध्ये ५० हजार डॉलरला घेतलं होतं. ३१ वर्षांत सुमारे अडीचशे पट, वर्षाला साधारण साडेएकोणीस टक्के. सोनं सोडा, शेअर बाजारही मागे पडला. इथे मला वाद घालायचा नाही.

पण तो आकडा विकणाऱ्याच्या खिशात गेला असं समजू नका. हातोडा पडला तो १ कोटी ५ लाखांवर. वरचे २१ लाख खरेदीदाराकडून लिलावघराने घेतलेला प्रीमियम. बातमीत नेहमी ही बेरीज छापतात, कारण ती मोठी दिसते. विकणाऱ्यालाही कमिशन द्यावं लागतं की नाही हे वस्तू किती भारी आहे त्यावर ठरतं. माझ्यासारख्या किरकोळ माणसाचं हमखास कापतात. नफ्यावर अमेरिकेत संग्राह्य वस्तूंना केंद्राचा २८ टक्क्यांपर्यंत कर बसतो, शेअरपेक्षा जास्त. शिवाय कार्ड व्याज देत नाही, भाडं देत नाही. उलट विम्याचा आणि लॉकरचा खर्च तुम्हीच भरायचा. म्हणजे आज शंभराला घेतलेली वस्तू उद्या त्याच भावाने गेली तरी तुम्ही वीस-पंचवीस टक्के खड्ड्यात. आपल्याकडे दागिना मोडताना घट धरतात, तसंच.

आता ‘जितकं जुनं तितकं महाग’. हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण मँटलचंच कार्ड तो खोडून काढतं. मँटलचं त्याहून जुनं कार्ड आहे, बोमन कंपनीचं, १९५१ चं. खऱ्या अर्थाने पहिलं कार्ड तेच. तरीही विक्रम १९५२ च्या टॉप्सचा. का? तर त्या वर्षी टॉप्सने कार्डांचा शेवटचा भाग बाजारात आणला तोवर हंगाम सरत आला होता, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं होतं. माल पडून राहिला. तो गोदामात वर्षानुवर्षं जागा अडवत राहिला, आणि १९६० मध्ये टॉप्सचे साय बर्जर यांनी खोकीच्या खोकी कचऱ्याच्या बार्जवर लादून अटलांटिक समुद्रात बुडवली. ज्या कार्डांसाठी आज लोक घर गहाण ठेवतील, ती कंपनीला फुकट द्यायलाही गिऱ्हाईक मिळत नव्हतं.

थोडक्यात, महाग होतं ते कोणी जपून ठेवायच्या लायकीचंच मानलं नव्हतं म्हणून. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या पोरांनी ही कार्डं सायकलच्या चाकात अडकवली, भिंतीवर टोलवली. उरलेली आयांनी साफसफाईत टाकली. आमच्या पिढीला बिग फन च्युइंगममधली क्रिकेटपटूंची चित्रं आठवत असतील. तुमची कुठे आहेत? तेच.

उलटं उदाहरण ऐंशीच्या दशकाच्या शेवटाचं. तोवर जुन्या कार्डांच्या भावाच्या बातम्या पसरल्या होत्या, लोकांनी ठरवलं की या खेपेस आपण चुकायचं नाही. खोकीच्या खोकी विकत घेतली, न फोडता कपाटात रचली, पोरांना हात लावू दिला नाही. कंपन्यांनीही मागणी बघून छापखाने रात्रंदिवस चालवले. त्या काळाला संग्राहक आज ‘जंक वॅक्स’ म्हणतात, वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद. त्या काळातलं सर्वांत गाजलेलं कार्ड म्हणजे केन ग्रिफी ज्युनियरचं १९८९ चं, अपर डेक कंपनीचं. त्याची दहापैकी दहा गुण मिळालेली कार्डंही हजारोंनी आहेत. बाकीची बहुतेक कार्डं आज रद्दीच्या भावात जातात. पस्तीस वर्षं जुनी आहेत की! पण सगळ्यांनीच जपली.

माझ्याकडे शंभरहून अधिक वर्षं जुनी कार्डं आहेत. टी-२०६ नावाचा तो संच, १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटच्या पाकिटांतून आलेला. कोपरे झिजलेले, एकाच्या पाठीवर कोणाच्या तरी पेन्सिलीचा हिशेब. एकेक शंभर डॉलरच्या आत मिळालं. त्याच संचातलं होनस वॅग्नरचं कार्ड २०२२ मध्ये ७२ लाख ५० हजार डॉलरला खासगी व्यवहारात गेलं. वय तेच, कागद तोच, कंपनी तीच. वॅग्नरने परवानगी दिली नाही म्हणून त्याची छपाई मध्येच थांबली. तंबाखूच्या जाहिरातीला विरोध होता की पैशाची तक्रार, यावर अजून भांडणं चालतात. स्वतः तंबाखू चघळायचा म्हणे. शिल्लक आहेत साठेक.

आणि वॅग्नरवरूनच तिसऱ्या दाव्याकडे येतो, कारण ग्रेडिंगच्या डबीवर ज्यांचा गाढ विश्वास आहे त्यांना ही गोष्ट माहीत नसते.

१९८५ मध्ये बिल मॅस्ट्रो या व्यापाऱ्याने एक वॅग्नर २५ हजार डॉलरला घेतलं. दोन वर्षांनी १ लाख १० हजारांना विकलं. १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात ते ४ लाख ५१ हजारांना आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी उचललं. त्याच वर्षी पीएसए ही ग्रेडिंग कंपनी सुरू झाली आणि तिने डबीत बंद केलेलं पहिलंवहिलं कार्ड हेच. दहापैकी आठ गुण. ऐंशी वर्षांच्या सिगारेटच्या कार्डाला आठ! जाणकार तेव्हाच कुजबुजले होते की कडा फार सरळ आहेत. पुढे एका स्पर्धेत ते बक्षीस म्हणून लावलं गेलं, जिंकलेल्या टपाल कर्मचारी बाईला त्यावरचा कर भरणं झेपेना म्हणून पुन्हा लिलावात आलं, हात बदलत २००७ मध्ये २८ लाख डॉलरला अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स संघाचे मालक केन केंड्रिक यांच्याकडे गेलं. आणि २०१३ मध्ये मॅस्ट्रोने कोर्टात कबुली दिली की ते कार्ड विकण्याआधी आपण त्याच्या कडा कापल्या होत्या. कापलेल्या कार्डाला एरवी अंकी ग्रेडच मिळत नाही.

गंमत म्हणजे या बदनामीने त्या कार्डाचं फारसं बिघडलेलं नाही. इतकी मोठी लबाडी हाही एक इतिहासच, असं बाजार म्हणतो. तुमच्या-माझ्या कापलेल्या कार्डाला ही सवलत नाही.

ग्रेडिंग निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. खोटं छापलेलं कार्ड ते सहसा पकडतात आणि मीही महागडं कार्ड डबीशिवाय घेत नाही. पण ते मत आहे, पगारी माणसाने काही मिनिटांत दिलेलं. त्यात सात आणि आठ यांत जेमतेम नखाएवढा फरक आणि किमतीत दुप्पट. शिवाय स्वस्त कार्ड ग्रेडिंगला पाठवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

सह्यांची तर वेगळीच कथा. नव्वदच्या दशकात एफबीआयने सॅन डिएगोहून ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवलं. खोट्या सह्यांचा कारखानाच हाती लागला, सोबत खरेपणाचे दाखलेही तिथलेच. त्यात बेसबॉलवर मदर तेरेसांची सही होती! ती कोणी मागितली असेल हा प्रश्न मला अजून पडतो. या प्रकरणानंतर, २००१ पासून, मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगने, सामन्यांत प्रमाणक बसवायला सुरुवात केली. तो चेंडूवर तिथल्या तिथे होलोग्राम चिकटवतो. म्हणून अलीकडच्या वस्तूंचा पुरावा पक्का असतो आणि जुन्यांचा कच्चा. लोकांना वाटतं त्याच्या नेमकं उलट.

मीही पोळलोय. एका छोट्या लिलावघरातून पन्नासच्या दशकातल्या एका संघाच्या सह्यांचा चेंडू घेतला. दाखला होता, दोरा पिवळा पडलेला, सगळं झकास. पुढे एका जाणकाराने भिंगाखाली बघून सांगितलं की दोन मोठ्या नावांच्या सह्या एकाच हाताच्या आहेत, बहुधा क्लबहाउसमधल्या, म्हणजे खेळाडूंच्या खोलीत काम करणाऱ्या, पोराच्या. त्या काळी सही मागणाऱ्यांची रांग लागली की पोरंच खेळाडूंच्या वतीने उरकून टाकत. चेंडू खरा, काळ खरा, शाई खरी. माझे सहाशे डॉलर तेवढे खोट्यात गेले.

‘उघड बोली म्हणून खरा भाव’ याचं उत्तर त्याच मॅस्ट्रोने दिलंय. तो स्वतःचं लिलावघर चालवायचा, आणि कबुलीत हेही होतं की तिथे खोट्या बोल्या लावून किमती फुगवल्या जात. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली. आणि लबाडी नसली तरी लिलावाचा भाव म्हणजे काय? त्या रात्री हट्टाला पेटलेल्या दोघांतल्या दुसऱ्याची मर्यादा, अधिक एक पायरी. पुढच्या खेपेस तो दुसरा नसला तर भाव कुठे जाईल ते सांगता येत नाही.

विक्रमाच्या वस्तूंबद्दल तर दोन चेंडू पुरेत. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरने हंगामात ७० होम रन (आपल्या षटकारासारखे फटके) मारले. तो सत्तरावा चेंडू कॉमिक्सवाले टॉड मॅकफार्लेन यांनी कमिशनसह ३० लाख डॉलरला घेतला. तीनच वर्षांत बॅरी बाँड्सने ७३ मारले. तो चेंडू कोणाचा यावरून दोन प्रेक्षक कोर्टात गेले, न्यायाधीशांनी विकून अर्धे-अर्धे घ्या म्हणून सांगितलं, आणि २००३ मध्ये तो ५ लाख १७ हजारांना गेला. घेणारे पुन्हा मॅकफार्लेनच! नवा विक्रम जुन्याच्या सहाव्या हिश्शात. पुढे २०१० मध्ये मॅग्वायरने स्टेरॉइड घेतल्याचं मान्य केलं. आज तो तीस लाखांचा चेंडू त्या भावाला कोण घेईल?

बेब रूथची जर्सी मात्र उलट दिशेने गेली, तेही सांगायला हवं. २००५ मध्ये ९ लाख ४० हजार, २०२४ मध्ये २ कोटी ४१ लाख डॉलर. लिलावाआधी तिची वीण आणि शिवण जुन्या छायाचित्रांशी जुळवून दाखवली गेली की १ ऑक्टोबर १९३२ ला शिकागोच्या रिग्ली फील्ड मैदानावर रूथच्या अंगात होती ती हीच. त्या सामन्यात रूथने म्हणे बोट दाखवून, सांगून होम रन मारला. त्याने खरंच बोट दाखवलं का, यावर मात्र एकमत आजही नाही. जर्सी सिद्ध झाली, गोष्ट नाही.

भारतातून बोली लावण्याबद्दल एवढंच: पैसे पाठवायला एलआरएसची (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची) मर्यादा, वर टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर), पार्सल आलं की कस्टम. आणि वस्तू खोटी निघाली तर परत कोणाच्या दारात जाणार?

राहिला पोटमाळा. सापडतं कधीकधी, नाही असं नाही. २०१२ मध्ये ओहायोतल्या डिफायन्स गावी एका घरात काजळी बसलेल्या खोक्यात १९१० च्या सुमाराची सातशेच्या आसपास कार्डं निघाली, जणू कालच छापलेली. पण ते घर त्याच कुटुंबाकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. आपली माणसं इथे आली ती बहुतेक साठच्या दशकानंतर, आणि घरं घेतली ती आधीच्या मालकाने झाडून रिकामी केल्यावर.

तरी दादाच्या समाधानासाठी एडिसनला पुतण्याच्या घरी गेलो. गॅरेजमध्ये आधीच्या मालकाचं एक खोकं खरंच होतं. १९९० चं टॉप्स, न फोडलेली पाकिटं, किंमत खोक्याच्या वाहतुकीइतकीही नाही. दादाला फोन करून सांगितलं, तो म्हणाला, ‘मग फोडा की.’ फोडली. आतला च्युइंगम दगड झाला होता. नातीने तरी एक तोंडात टाकला, आणि मोठ्या निष्ठेने पाच मिनिटं चावला.