साळसूद ९१

रांगेत उभं राहणं मला जमतं. टोकन घेऊन बसणं जमत नाही. रांगेत निदान पुढच्याच्या पाठीकडे बघून चिडता येतं. टोकनवाल्याला भिंतीवरच्या लाल आकड्याकडे बघण्यावाचून दुसरं काम नसतं. त्यात मला, संख्या दिसली की तिचे अवयव पाडायची खोड. परवा हातात आलं ९१ आणि भिंतीवर होतं ३४. म्हणजे वेळच वेळ.

९१ कडे बघून कुणीही म्हणेल, मूळ संख्या आहे. सम नाही. शेवटी पाच-शून्य नाही. अंकांची बेरीज १०, म्हणजे तीनानेही भाग जाणार नाही. शंभराच्या आत २, ३ आणि ५ या तिघांनाही दाद न देणाऱ्या संयुक्त संख्या तीनच: ४९, ७७ आणि ९१. पैकी ४९ साताचा वर्ग म्हणून तोंडपाठ असते. ७७ मधले दोन साते लांबूनच चुगली करतात. ९१ मात्र साळसूद. निघते सात गुणिले तेरा! तेराच्या पाढ्यात शाळेत असताना रोज भेटायची, पण पाढ्याबाहेर पडली की ओळखच दाखवत नाही.

बरं, चकवते ती फक्त माझ्यासारख्यांना नाही. फर्माचा नियम असा: तीन सोडून कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्याहून एकाने कमी असा घात तीनाला द्या, उत्तराला तिनेच भागा, बाकी १ उरते. पण काही संयुक्त संख्याही हीच बाकी दाखवून मुळांच्या पंगतीत बसतात, आणि तीनाच्या बाबतीत त्यांतली सर्वांत लहान म्हणजे आमची ही ९१. तीनाचा सहावा घात ७२९, ९१ ची आठपट ७२८, बाकी १. आणि ९० ला सहाने भाग जातोच, तेव्हा नव्वदाव्या घातालाही बाकी १. तीनाच्या जागी दोन घेतले की बाकी येते ६४, आणि तिथे बिंग फुटतं.

“कसला जप चाललाय?” शेजारच्या काकांनी विचारलं. सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

“काका, १ ते १३ ची बेरीज ९१. १ ते ६ च्या वर्गांची बेरीजही ९१. म्हणजे ९१ गोट्या त्रिकोणात मांडा, नाहीतर चौकोनी पायावर मनोरा रचा, एकही उरणार नाही. दोन्हीकडे अशा बसणाऱ्या संख्या चारच: १, ५५, ९१ आणि एकदम २,०८,३३५. त्यापुढे नाहीच.”

“२,०८,३३५ नंबरचं टोकन कुणाला आलं म्हणायचं?” काका भिंतीकडे बघत म्हणाले. तिथे आता ३६ होतं. ३५ चं काय झालं, देव जाणे.

“शिवाय ९१ दिवस म्हणजे बरोबर १३ आठवडे. आजपासून ९१ व्या दिवशी हाच वार येतो.”

“अहो, मोठ्याने बोलू नका. खिडकीवाल्यांनी ऐकलं तर तेव्हाच या म्हणतील.” मग त्यांनी खिशातून आपलं टोकन काढून माझ्यापुढे धरलं. “माझं ९०. हिच्यात काही दम आहे का बघा.”

“हिला सगळेच भागतात, काका. १, २, ३, ५, ६, ९, १०...” बोटं मोजत मी शेवटापर्यंत गेलो. “एकूण बारा विभाजक. माझ्या ९१ ला जेमतेम चार.”

“बारा!” काका खुर्चीत मागे रेलले. “तरीच माझे वाजलेत.”