रागाने उघडलेली वही

सगळ्यांना सलाम. तीन दिवस लिहून खोडतेय, आज टाकतेच.

गेल्या महिन्यात प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये भाकर-द्राक्षारस घ्यायच्या, रविवारच्या आदल्या दिवशी दीर-जाऊ पुण्याहून आले होते. सासूबाई आमच्याकडे असतात, भायखळ्याला. पडून खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून, म्हणजे 2 वर्षं, त्यांचं सगळं मीच बघते, पहाटे पाणी आलं की पिंप भरायचं, त्यांची अंघोळ, गोळ्या, डबे आणि मग धावतपळत 8:40 ची लोकल, आणि खरंच सांगते, हे सगळं मी प्रेमाने करतेय असंच मला वाटायचं. मंडळीतल्या बायकाही म्हणायच्या, अशी सून मिळायला नशीब लागतं.

तर जाऊने एक शाल आणली. साधीच. सासूबाई शेजारच्या मावशींना बोलावून दाखवत बसल्या, "बघा, माझी किती काळजी आहे हिला." मी आत पापलेट तळत होते. गॅस बंद केला, बाहेर आले आणि सुटलेच. कुठल्या महिन्यात किती रजा टाकल्या, फिजिओथेरपीचे पैसे कोणी भरले, नाताळात कोण 2 दिवस पाहुण्यासारखं राहून गेलं, सगळं तारीखवार तोंडपाठ होतं, एक शब्द शोधावा लागला नाही. सासूबाई शाल हातात धरून नुसत्या बघत राहिल्या.

रात्री झोप लागली नाही. आवाज चढला ते तर वाईटच, पण मला घाबरवलं त्या हिशोबाने. ही वही मी कधीपासून लिहीत होते?

मग उधळ्या मुलाचा दाखला आठवला, लूक 15. आपण नेहमी बापाचे पैसे उधळून परत आलेल्या धाकट्याबद्दलच बोलतो. पण थोरला बघा ना, इतकी वर्षं शेतात राबतोय, कोणाला काही संशय नाही, त्यालाही नसेल. धाकटा परतला म्हणून घरातून गाण्याबजावण्याचा आवाज येतो, राग येतो, आत जायला तयार नाही, आणि मग तोंडातून काय निघतं तर इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, मला कधी एक करडूसुद्धा दिलं नाही. बापाच्या घरात तो मुलगा म्हणून राहतच नव्हता हो, मजुरी मोजत होता, आणि हे कळलं कधी, तर राग आल्यावर. अंतःकरणात भरलेलं असतं तेच तोंडावाटे बाहेर पडतं असं येशू म्हणतो (लूक 6:45), ते मी संडे स्कूलपासून पाठ म्हणत आलेय.

म्हणून आपल्याकडे "राग म्हणजे पाप, गिळून टाक" असं शिकवतात ते मला आता पटत नाही. मी 2 वर्षं गिळतच होते की, आणि गिळून वही जाड झाली. येशूलाही राग आलाय. हात वाळलेल्या माणसाला शब्बाथाला, म्हणजे काम न करायच्या विश्रांतीच्या दिवशी, बरं करायचं तर लोक टपून बसलेले, मार्क 3:5 मध्ये लिहिलंय की त्याने रागाने सभोवार पाहिलं आणि त्यांच्या मनाच्या कठीणपणाचं त्याला दुःखही झालं. राग आणि दुःख एकाच वाक्यात! आणि स्वतःवर थुंकले तेव्हा मात्र गप्प राहिला. पंडिता रमाबाईंचंही तसंच, 1897 मध्ये पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांचे काय हाल होतात ते त्यांनी मुंबईच्या बॉम्बे गार्डियन पेपरात सरळ पत्र लिहून मांडलं. तो राग दुसऱ्यांच्या लेकींसाठी होता. माझा करडासाठी होता.

एक मात्र स्पष्ट सांगते, घरात मार खाणाऱ्या बाईला कोणी "तू आधी तुझं अंतःकरण तपास" असं सांगू नका. तिचा राग खरं बोलतोय. तिला आधी तिथून बाहेर काढा.

रविवारी उपासनेला गेले पण भाकर-द्राक्षारस घेतला नाही, मत्तय 5 मधलं अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट कर हे डोक्यातून जाईना. घरी आल्यावर आधी सासूबाईंच्या पायाशी बसले. त्यांनी काही न बोलता डोक्यावर हात ठेवला. मग जाऊला फोन लावला, तोवर ते लोणावळ्याच्या पुढे गेले होते. वहीबद्दल सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की मी खूप थकलेय, मला मदत हवीय, हे मी आधीच मागायला हवं होतं.

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "ताई, आईंच्या गोळ्यांच्या वेळा मला व्हॉट्सअ‍ॅप करा."