भुईमुगाच्या टनामागे 630 डॉलर: एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

हमीभावाची चर्चा सुरू झाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. अमेरिकेचे सरकार भुईमूग उत्पादकाच्या खात्यात टनामागे 630 डॉलर जमा करते, हा पैसा पीक काढल्याबद्दल मिळतो, तो लहान शेतकऱ्यासाठी असतो आणि आपला हमीभाव त्याच्या जवळपासही जात नाही, असे त्यात म्हटलेले असते. हमीभावाच्या मागणीच्या बाजूने मी ठामपणे उभा आहे आणि म्हणूनच ती मागणी चुकीच्या आकड्यावर उभी राहू नये असे मला मनापासून वाटते.

630 डॉलर ही देण्याची रक्कम नव्हे. 2014 च्या शेती कायद्याने ‘प्राइस लॉस कव्हरेज’ योजनेत भुईमुगाची संदर्भ किंमत 535 डॉलर ठरवली होती आणि 2025 च्या कायद्याने ती 630 केली. हंगामाची देशभरातील सरासरी बाजारकिंमत याखाली घसरली, तरच मधला फरक सरकार भरते. समजा ती सरासरी 530 डॉलर निघाली, तर हिशेबात येतात 100 डॉलर. ती 630 च्या वर राहिली, तर काहीच नाही. तेही पैसे पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर, म्हणजे पेरणीनंतर जवळपास दीड वर्षाने मिळतात.

पीक काढल्याबद्दल पैसे मिळतात, ही समजूत तर अधिकच दिशाभूल करणारी आहे. हिशेब यंदाच्या शेंगांवर होत नाही. तो जुन्या लागवडीवरून त्या शेताच्या नावावर नोंदलेल्या ‘बेस एकरां’पैकी 85 टक्क्यांवर आणि नोंदीतल्याच एकरी उत्पादनावर होतो. त्यामुळे बेस असलेल्याने यंदा मका पेरला तरी तो पात्र राहतो आणि बेस नसलेल्याने शेतभर भुईमूग लावला तरी तो पात्र ठरत नाही. पैसा लागवडीला जोडला की काय होते, हेही अमेरिकेने पाहिले आहे. 2014 च्या कायद्याने कापसाच्या जुन्या बेसवर भुईमूग लावणाऱ्यांना ही मदत खुली केली. क्षेत्र वाढले, सरकारी कर्जासाठी तारण ठेवलेला माल शेतकऱ्यांनी न सोडवल्यामुळे तो सरकारच्या गळ्यात पडला आणि 2016 मध्ये सरकारी साठ्यातील 500 टन शेंगदाणे हैतीतील शाळकरी मुलांसाठी पाठवण्याची घोषणा झाली. त्याने हैतीच्याच भुईमूग उत्पादकांचा बाजार बुडेल, हा तेव्हा घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो.

मदत एकरांवर मोजली जात असल्याने ज्याच्याकडे बेस जास्त, त्याला पैसे जास्त. त्यातून एका शेतकऱ्याला मिळणाऱ्या मदतीवर भुईमुगासाठी इतर पिकांपासून वेगळी कमाल मर्यादा आहे, म्हणजे अनेक पिके घेणारा मोठा शेतकरी दोन्ही मर्यादांचा लाभ घेऊ शकतो.

राहिली आपल्याशी तुलना. अमेरिकेचा टन 907 किलोंचा असतो. डॉलर 85 रुपयांचा धरला, तर त्यांची संदर्भ किंमत क्विंटलला सुमारे 5,900 रुपये पडते. 2025-26 साठी आपल्याकडे भुईमुगाच्या शेंगांचा हमीभाव 7,263 रुपये आहे. कागदावर आपला आकडा मोठा आहे, पण त्यांच्याकडे किंमत घसरली की फरक देणे कायद्याने बंधनकारक असते, तर आपल्याकडे ‘किंमत समर्थन योजने’त भुईमुगाची खरेदी राज्याच्या उत्पादनाच्या साधारण 25 टक्क्यांपर्यंतच होते आणि बाकीचा माल बाजार समितीत जो भाव फुटेल त्या भावाने जातो.