लाइमनंतरच्या थकव्याचं खापर हार्मोनवर फोडू नका

लाइम आजाराचे उपचार संपले, पण थकवा हटत नाही, अशा माणसांमध्ये एक मजकूर सतत फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: लाइमचे जिवाणू वर्षानुवर्षे शरीरात दडून राहतात, मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल आणि गळ्यातली थायरॉइड ग्रंथी थकवून टाकतात. नेहमीच्या रक्ततपासणीत हे दिसत नाही, म्हणून लाळ तपासून घ्या आणि ‘कमी डोसचं’ हायड्रोकॉर्टिसोन (एक स्टेरॉइड) व टी-थ्री (थायरॉइडचं हार्मोन) सुरू करा. तो पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण यातला शेवटचा सल्ला धोक्याचा आहे.

आधी खरं ते मान्य करू. गोचीड चावून झालेल्या या संसर्गावर साधारण दोन ते चार आठवडे अँटिबायोटिक्स दिली की बहुतेक जण बरे होतात. तरी सुमारे ५ ते १० टक्के लोकांना थकवा, अंगदुखी, विसराळूपणा असा त्रास सहा महिन्यांहून जास्त काळ राहतो. हा त्रास खरा आहे. ‘सगळं तुमच्या मनात आहे’ असं रुग्णाला सांगणारा डॉक्टर चुकतो आहे.

“अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकतात.” ग्रंथी म्हणजे धावून दमलेला स्नायू नव्हे. तिचं हार्मोन कॉर्टिसोल कमी पडलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी तिला चालना देणारं एसीटीएच हे हार्मोन वाढवते आणि अ‍ॅड्रिनल पुन्हा कामाला लागते. ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ शोधणाऱ्या ५८ अभ्यासांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. असा आजार असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. अ‍ॅड्रिनल खरोखर निकामी होते ती अ‍ॅडिसनच्या आजारात. तेव्हा वजन घटतं, त्वचा काळवंडते, रक्तदाब उतरतो, मीठ खावंसं वाटतं, रक्तातलं सोडियम कमी होतं. हा आजार जिवावर बेतू शकतो, म्हणूनच त्याचं नाव सैलपणे वापरलेलं मला खपत नाही.

“रक्तात दिसत नाही, लाळेत दिसतं.” अ‍ॅड्रिनल कमी काम करते का, हे रक्तातच कळतं. सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसोल बघतात, शंका उरली तर २५० मायक्रोग्रॅम कृत्रिम एसीटीएच टोचून ग्रंथी प्रतिसाद देते का ते पाहतात. लाळेची तपासणी खोटी नाही. रात्री उशिराची लाळ कुशिंगच्या आजारासाठी तपासतात, पण त्यात कॉर्टिसोल जास्त असतं, म्हणजे नेमकं उलट. दिवसातून चार वेळा लाळ घेऊन काढलेला आलेख ज्याची झोप मोडलेली आहे त्याचा वाकडातिकडा येऊ शकतो. त्यावरून ग्रंथी बिघडली असं ठरत नाही.

“टीएसएच नॉर्मल, पण रिव्हर्स टी-थ्री वाढलंय.” टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं पिट्युटरीचं हार्मोन, रिव्हर्स टी-थ्री म्हणजे टी-थ्रीचं निष्क्रिय रूप. कोणत्याही मोठ्या आजारात किंवा उपासमारीत शरीर टी-थ्री कमी करून रिव्हर्स टी-थ्री वाढवतं. थायरॉइड तेव्हाही धडधाकट असू शकते. वरून टी-थ्री ओतलं तर छातीत धडधड, हृदयाचे अनियमित ठोके, हाडांची झीज मात्र पदरात पडते. पिट्युटरीच बिघडली असेल तर एकटं टीएसएच फसवतं, हे खरं. त्यासाठी फ्री टी-फोर (थायरॉइडचं मुख्य हार्मोन) सोबत तपासायचं असतं. आणि बायोटिनच्या (एक बी जीवनसत्त्व) मोठ्या डोसच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीआधी सांगा, त्यांनी थायरॉइडचे आकडे चुकतात.

“पण गोळी घेतल्यावर बरं वाटलं!” वाटणारच. स्टेरॉइडनं सूज उतरते, भूक लागते, उत्साह येतो, ग्रंथी ठणठणीत असली तरी. आणि ‘कमी डोस’ कशाला म्हणायचं? दोन्ही अ‍ॅड्रिनल निकामी झालेल्या रुग्णाला दिवसाला १५ ते २५ मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन पुरतं. म्हणजे २० मिलिग्रॅम हा ग्रंथीचा दिवसभराचा अख्खा पुरवठा झाला. पिट्युटरी तो पाहून एसीटीएच आवरतं घेते, अ‍ॅड्रिनल सुस्तावते. जो बिघाड नव्हता, तो गोळीनं निर्माण होतो. ‘अ‍ॅड्रिनल सपोर्ट’ नावाच्या पूरक गोळ्याही निरुपद्रवी नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत अशा १२ उत्पादनांपैकी सगळ्यांत टी-थ्री आणि सात उत्पादनांत किमान एक स्टेरॉइड हार्मोन सापडलं.

“जिवाणू मेले की हार्मोन जागेवर येतील.” दीर्घ अँटिबायोटिक्सची परीक्षा झालेली आहे, अमेरिकेत २००१ मध्ये आणि नेदरलँड्समध्ये २०१६ मध्ये. नकली औषध घेणाऱ्यांपेक्षा रुग्णांची प्रकृती अधिक सुधारली नाही. शिरेत महिनोन्‌महिने ठेवलेल्या नळीतून रक्तात जंतुसंसर्ग होऊन माणसं दगावली आहेत.

थकवा असेल तर डॉक्टरांकडून सकाळचं कॉर्टिसोल, टीएसएच, फ्री टी-फोर, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), साखर तपासून घ्या. घोरत असाल, झोपेत श्वास अडकत असेल तर तेही सांगा. आणि हायड्रोकॉर्टिसोन काही आठवडे घेऊन झालं असेल, तर हे वाचून आजच बंद करू नका. एकदम थांबवलं तर सुस्तावलेली ग्रंथी साथ देत नाही, रक्तदाब कोसळू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते हळूहळू उतरवावं लागतं.